श्री. का कै.? वेदगंगेकाठच्या एका घराचं प्रकरण

लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन मायलेकी निपाणीतल्या एका छापखान्यात गेल्या होत्या. काउंटरवरच्या पोराने मजकूर वहीत उतरवून घेता घेता, मान वर न करता विचारलं, "मुलीच्या वडिलांच्या नावाआधी काय घालू? श्री. का कै.?" आई गप्प. मुलगी म्हणाली, "उद्या सांगतो." दोघी स्टँडवर आल्या, चहा घेतला आणि मुलीने मला फोन लावला.

तोवर मी त्या घरी दीड वर्ष जात होते. नोंदवही भरत आली होती. तरी या बाईचं नेमकं काय गेलंय, हे इतक्या थोडक्या शब्दांत ना तिला कुणी विचारलं होतं, ना मी.

आईला मी इथे अक्का म्हणते. सगळी गल्ली तिला तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि काही तपशील बदलले आहेत. गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला आहे, पुणे-बेंगळुरू महामार्गावरून ट्रकचे हॉर्न ऐकू येतात इतक्या अंतरावर. पूर्वी हा भाग चिकोडी तालुक्यात होता. मी समुपदेशक आहे आणि मूळची निपाणीची. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. कोल्हापूरला शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलच्या मुली हसायच्या, म्हणून 'येते, करते' शिकून घेतलं. अक्काच्या उंबऱ्याशी पाच मिनिटं बसलं की माझं पुन्हा 'येतो' व्हायचं. तिने माझ्याशी मोकळं बोलायला सुरुवात केली ती साधारण तेव्हापासून.

पूरग्रस्त, बी वर्ग

जानेवारी 2023 मध्ये मुलगी माझ्याकडे आली. वय 24, कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला. तिचं म्हणणं असं: आई रात्र रात्र विड्या वळत बसते, पावसाळ्यात तर झोपतच नाही. 2019 च्या पुरात घर पडलं. मामांनी वरच्या गल्लीत जागा दिली, भरपाईच्या पैशात आणि तिच्या पगारात तिथे दोन खोल्यांचं स्लॅबचं घर उभं राहिलं. पण आई तिथे राहायला जात नाही. जुन्या घराची पुढची खोली तेवढी उरलीय, तिच्यावर पत्रे टाकून राहते. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा तिला बोटीने काढावं लागलं, आणि पाणी उतरताच चौथ्या दिवशी ती परत तिथेच. "लोक म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. मला तसं वाटत न्हाई. पण काय वाटतंय तेबी सांगता येत न्हाई."

मी हे सगळं पुराच्या खात्यावर टाकलं. माझी पहिली चूक ती. पण ती का झाली हे सांगायला हवं, कारण तशी चूक व्हावी अशीच तेव्हाची हवा होती. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम चढल्या होत्या. यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. पाणी ओसरल्यावर सरकारने तातडीचे 10,000 रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर केले, आणि घरांचे ए, बी, सी असे वर्ग पाडले. पुढची दोन वर्षं गावातलं बोलणंच त्या अक्षरांत चालायचं. "त्यांचं ए हाय, आमचं बी." भिंत किती पडली यावर भांडणं, भाऊबंदकी, अर्ज. नुकसानाला अक्षर मिळालं की माणूसही त्या अक्षरात राहायला जातो. अक्काचं घर बी होतं: मागची भिंत आणि कौलं गेली, पुढची खोली उभी.

त्यामुळे मी गेले ती 'पूरग्रस्त, बी' या माणसाला भेटायला. तीन भेटी पाण्यावर घालवल्या. पाऊस वाजायला लागला की छातीत काय होतं, श्वास कसा घ्यायचा, रात्री आठवणी आल्या तर पाय जमिनीवर कसे टेकवायचे. अक्का सगळं करायची, शाळेत हजेरी द्यावी तसं. एका हाताने विडी सुरूच. तेंदूचं पान फर्म्यावर ठेवायचं, कात्रीने चौकोन कापायचा, तंबाखू पसरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा. माझ्याकडे न बघता ती मला बरं वाटावं म्हणून श्वास घेत होती, असं आता वाटतं.

कडी

चौथ्या भेटीला मला उशीर झाला, अंधार पडला. निघताना सहज म्हणाले, "अक्का, रात्रीच्या एकट्या असता, आतनं कडी लावत जावा की."

"कडी लावली तर हाक ऐकू याची न्हाई."

"कुणाची?"

ती थोडा वेळ दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्यांची. आनि कुणाची?"

नवरा 2003 मध्ये गेला. त्या वर्षांत सलग दुष्काळ होता. दोन एकर तंबाखू आणि थोडा ऊस, दोन्ही हातचं गेलं, अंगावर सावकाराचं कर्ज. गोव्यात खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर लागतात असं कळलं म्हणून तो गेला. दोन मनीऑर्डरी आल्या. एक आंतरदेशीय पत्र आलं, दिवाळीला येतो म्हणून. पुढे काही नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. भाऊ दोनदा गोव्याला जाऊन आला. एकाने सांगितलं कारवारकडे गेला, दुसऱ्याने सांगितलं अपघात झाला, तिसऱ्याने असा माणूस इथे नव्हताच म्हणून सांगितलं. एका पोलिस ठाण्यात तक्रार दिली. ती कन्नडमध्ये लिहिली गेली, अक्काने खाली मराठीत सही केली. वर काय लिहिलंय ते तिला सहा वर्षांनी कळलं, मुलगी कन्नड वाचायला शिकली तेव्हा. त्यात नवऱ्याचं नाव एका अक्षराने चुकलं होतं.

म्हणजे मी ज्याला पुराचा धक्का म्हणत होते त्याच्याखाली सोळा वर्षं जुनी गोष्ट होती. आणि त्याच्याही खाली आणखी एक, ती नंतर निघाली. अक्का सात-आठ वर्षांची असताना, 1981 च्या मार्चमध्ये, तंबाखूच्या दरासाठी निपाणीजवळ महामार्ग अडवून शेतकरी बसले होते. शरद जोशींनी चालवलेलं ते आंदोलन इकडे अजून सांगितलं जातं. तिचे वडील तिथे होते. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले, धरपकड झाली. वडील घरी आले नाहीत. गावात कुणी काही सांगेना. आईने नऊ रात्री दार नुसतं लोटून ठेवलं, आत कंदील. दहाव्या रात्री वडील आले. चपला नव्हत्या, आवाज बसला होता, पण आले.

"आईनं कडी लावली न्हवती म्हणून आले," असं अक्का म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, "आमच्या आईनं कडी लावली न्हवती." बाकीचं वाक्य तिने आयुष्यभर जगून पुरं केलं होतं.

अशा गमावण्यावर अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकापासून काम केलंय. सुरुवात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांपासून. माणूस शरीराने नाही पण मनात हजर, किंवा समोर बसलेला पण मनाने निघून गेलेला, जसं स्मृतिभ्रंशात होतं. या दोन्हीत दुःख करायला परवानगीच मिळत नाही, कारण काय झालंय तेच ठरलेलं नसतं. मराठीत मी त्याला अनिर्णित वियोग म्हणते. त्यांचं एक म्हणणं मला पटतं: इथे त्रास माणसाच्या मनाच्या कमकुवतपणातून येत नाही, परिस्थितीच्या अर्धवटपणातून येतो. म्हणून 'आता स्वीकारा' म्हणणं निरुपयोगी असतं. काय स्वीकारायचं? तो मेला हे, की सोडून गेला हे?

गंमत म्हणजे आमच्या शास्त्रालाही मृत्यूचा दाखला लागतो. लांबलेल्या शोकाचं निदान मनोविकारांच्या अमेरिकन पुस्तिकेत 2022 मध्ये आलं, जवळचं माणूस जाऊन वर्ष झाल्यावर करायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तीच मुदत सहा महिन्यांची. दोन्हीकडे पहिली अट मृत्यूची. अक्का तिथेही बसत नव्हती, जशी ती विधवा वेतनाच्या अर्जात बसत नव्हती.

आता घर का सोडत नाही ते दिसलं. त्या घराचा पत्ता त्याला माहीत होता. वरच्या गल्लीतल्या घराचा नव्हता. पूर आला तेव्हा मागच्या भिंतीबरोबर त्याची ट्रंक गेली, लग्नातला एकुलता एक फोटो गेला. लोक सांत्वन करायला आले ते घराचं. तिने घराचं सांत्वन घेतलं आणि गप्प बसली. पण याहून मोठी गोष्ट अशी की त्या दारावर तिचं सगळं बेतलेलं होतं. एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्ही कोण असं अनोळखी माणसानं विचारलं तर काय सांगाल?" तिला प्रश्न बाष्कळ वाटला असावा. "कोण म्हंजे? मी घरात असतो. कोण आलं तर कळावं म्हणून."

नवरा गेल्याने तिची ओळख पुसली नव्हती, उलट तिला एक काम मिळालं होतं. विड्या वळायचं नाही, दार राखायचं. विड्या त्या जागरणाला सोयीच्या होत्या. हजार विड्या म्हणजे अख्खी रात्र. पुराने ते काम काढून घेतलं आणि बदल्यात 'बी' दिलं. आम्ही सगळे, मी धरून, त्या अक्षराशी बोलत होतो.

मुलीचं वेगळं

त्याच घरातून, त्याच माणसाच्या जाण्यातून, मुलगी मात्र वेगळीच घडली. तिला वडील आठवतात ते एका वासाने, डिझेलच्या. बाकी आठवतात ते रकाने. शाळेच्या प्रत्येक अर्जात वडील हयात आहेत का? होय/नाही. ती दर वर्षी वेगळं भरायची, पेनला येईल ते. सातवीपर्यंत मराठी शाळा, पण आठवीला तिने हट्टाने कन्नड माध्यम घेतलं. मामांनी घर डोक्यावर घेतलं. मामा सीमाप्रश्नातले जुने कार्यकर्ते, 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत जाणारे. भाची कन्नड माध्यमात म्हणजे काय! तिने सांगितलं, "आईचे कागद कुणी वाचायचे?"

त्या घरात अकराव्या वर्षापासून ती कागद वाचणारी होती: विडी कामगाराचं कार्ड, रेशन, वीजबिल, ठाण्यातली नक्कल. नावातलं चुकलेलं अक्षर शोधणारी तीच. आज कारखान्यात ती तयार मालातले दोष शोधते, आणि त्यात तिचा हात कुणी धरत नाही. ती कुणाची वाट बघत नाही. मैत्रिणीला दहा मिनिटं उशीर झाला तर निघून जाते. जमलेली एक सोयरीक तिने मोडली, कारण मुलाने दोन दिवस फोन केला नाही. "मी वाट बघणारी न्हाई," हे तिने मला पहिल्या तासात तीनदा सांगितलं. एखादी गोष्ट माणूस तीनदा सांगतो तेव्हा मी वहीत खूण करते.

डॅन मॅकअ‍ॅडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की मोठेपणी माणसाची ओळख म्हणजे त्याने स्वतःची रचलेली गोष्ट. काही जण वाईटातून चांगलं निघालं अशी रचतात, काही चांगल्यावर वाईटाचा डाग पडला अशी. मांडणी कामाची आहे, पण या मायलेकींकडे बघताना मला ती अपुरी वाटली. दोघींनी गोष्ट रचण्याआधी त्यांच्या हातात काम पडलं होतं. आईच्या हातात दार, मुलीच्या हातात कागद. गोष्ट त्या कामाभोवती नंतर जमली. मुलीला कागद वाचायला लावणारं दुसरं कुणी मोठं माणूस त्या घरात असतं, तर वडील नसूनही ती वेगळी झाली असती.

दुःखातून माणूस वाढतो या मताचा मला थोडा रागच आहे, तो इथे लपवत नाही. टेडेस्की आणि कॅल्हून यांनी 1996 मध्ये त्याची 21 विधानांची प्रश्नावली केली. पाच अंगांनी वाढ मोजायची. मी ती मराठीत करून अक्काला विचारली होती. स्वतःची ताकद कळली का, या अर्थाच्या विधानावर ती म्हणाली, "ताकद कळून काय करू, बाई? वाकायचं तर हुतंच." मी वही मिटली.

वाट बघणारी माणसं

मामांबद्दल थोडं. त्यांना सोडून हे प्रकरण पुरं होत नाही. त्यांच्या घरात 1 नोव्हेंबर 1956 ही तारीख कुणाच्या तरी मरणाच्या तिथीसारखी येते. त्या दिवशी राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावर नेमलेला महाजन आयोग 1966 चा, त्याचा अहवाल 1967 चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 पासून. हे आकडे मामांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के माहीत. 17 जानेवारीला हुतात्म्यांना फुलं.

मला मामांची चेष्टा करायची नाही. माझे आजोबाही त्याच फेरीत चालायचे. पण सीमाभागात वाढलेल्या माणसाला एक शिकवण न मागता मिळते: आपल्यावर अन्याय झालाय, निकाल लागायचाय, तोवर जागा सोडायची नाही. त्या गमावण्याला तारीख आहे, फेरी आहे, झेंडा आहे. अक्काच्या गमावण्याला यातलं काहीच नव्हतं, पण जागा न सोडण्याची पद्धत मात्र तीच. मामा बहिणीवर चिडायचे, "किती दिवस वाट बघणार हाईस?" एकदा माझ्यासमोरच अक्का म्हणाली, "तू छप्पनपासनं बघालाईस. मी तर दोन हजार तीनपासनं." मामा एवढे हसले की डोळे पुसावे लागले. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. माझ्या कुठल्याही तंत्रापेक्षा तो दिवस जास्त कामाला आला.

अहेव

बायकांच्या जगात अक्काची अडचण आणखी बारीक होती. ती कुंकू लावते, मंगळसूत्र घालते. गौरीच्या ओटीला काही घरं बोलावतात, काही नाहीत. न बोलावणाऱ्याही वाईट नाहीत. त्यांनाही ठरवता येत नाही. मे 2022 मध्ये इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याचं इकडेही कौतुक झालं. मी मोठ्या उत्साहाने अक्काला सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "त्यात माझ्यावानी बाईचं काय लिवलंय?"

काहीच लिहिलेलं नव्हतं. ठराव विधवांसाठी होता.

तिने स्वतःच एक तुलना काढली. सौंदत्तीची यल्लम्मा मार्गशीर्षातल्या पुनवेला विधवा होते, तिची कंकणं उतरवतात. इकडे तिला रांडाव पुनव म्हणतात. पुढच्या एका पुनवेला देवी परत अहेव, म्हणजे सवाष्ण होते, चुडा भरते. "देवीला बी ठरवून दिलंय, कवापासनं कवापातूर. मला कोण सांगणार?" मी तेव्हा गप्प बसले. पण पुढच्या भेटीपासून मी ठरवण्याबद्दल बोलणं सोडून दिलं. तो आहे की नाही हे बाजूला ठेवून, तो नसताना काय काय झालं ते तिने सांगावं, एवढंच. सहा भेटी त्यात गेल्या. मुलीला रात्री ताप आला तेव्हा कुणाच्या सायकलवरून नेलं. कर्ज किती वर्षांत कसं फेडलं: नऊ वर्षांत, वखारीत तंबाखू चाळून आणि घरी विड्या वळून. कंत्राटदाराने छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या परत मोजायला लावल्या तो दिवस. हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. मुलगी कोपऱ्यात बसून ऐकायची. तिला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

ऑगस्ट 2023 मध्ये कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला 2,000 रुपये. कन्नडमध्ये त्या बाईला म्हणतात यजमानी. मुलीने मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला. आमच्या मराठीत यजमान म्हणजे नवरा. अक्काने शब्द दोनदा घोळवला. "यजमान हरवला आन मीच यजमानी झालो." इतक्या वर्षांत सरकारदरबारातून तिच्यासाठी आलेला हा पहिला शब्द, ज्याला त्याचं असणं-नसणं लागत नव्हतं. तो कन्नडमधून आला याचं मामांना काय वाटलं, विचारलं नाही.

चौकट आणि छापखाना

2024 च्या जुलैअखेर वेदगंगा पुन्हा चढली. या वेळी पाणी उंबऱ्याला लागायच्या आत अक्का स्वतः वर गेली, विड्यांचं सूप डोक्यावर घेऊन. पाणी उतरल्यावर तिने गवंड्याला बोलावलं आणि जुन्या घराची सागवानी चौकट दारासकट काढून नव्या घराला बसव म्हणाली. गवंडी म्हणाला, बसणार नाही, पुढचं दार मोठं ठेवलंय, ही बुटकी पडते. अर्धा दिवस वाद. शेवटी चौकट परसदाराला बसली. बाहेरून येणारा माणूस आता मागून येईल, याला तिची हरकत नव्हती. जुन्या पडवीच्या उरल्यासुरल्या भिंतीवर मुलीने ऑइलपेंटने मोबाइल नंबर लिहिला. आईने सांगितलं नव्हतं. वाट न बघणाऱ्या मुलीने तो स्वतःच्या हाताने लिहिला, मराठीत आणि कन्नडमध्ये, आकडे दोन्हीकडे.

लग्न त्यानंतर ठरलं. मग तो छापखाना.

मुलीने फोन केला तेव्हा मी कायद्याची बाजू समजून घ्यायला बसले. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. हा नियम 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात कलम 108 म्हणून होता. म्हणजे 2010 पासून अक्काला दिवाणी न्यायालयातून तसं जाहीर करून घेता आलं असतं, त्यावरून दाखला, दाखल्यावरून वेतन. न्यायालय मेला असं धरतं, कधी मेला ते धरत नाही. तारीख सांगणाऱ्याने ती सिद्ध करायची. हे मी संध्याकाळी दोघींना सांगितलं. अक्काला तारखेचा भाग आवडला. "म्हंजे कोर्टालाबी तिथी ठावं न्हाई."

कै. घालायचं तर श्राद्ध आलं, कुंकू आलं. श्री. घालायचं तर नवऱ्या मुलाकडचे विचारणार, कन्यादानाला कुठायत? आणि आईच्या नावाआधी सौ. की श्रीमती, हा त्याच प्रश्नाचा दुसरा पाय. चार उपाध्या, चारही तिला फसवणाऱ्या. आम्ही तिघी बराच वेळ त्या वहीच्या पानाकडे बघत बसलो.

मुलगी म्हणाली, "माझ्या नावात हायत की ते. मधलं नाव तेच. परत वेगळं कशाला छापायचं?"

इतकं साधं होतं. मराठी माणसाच्या नावात बाप मधोमध बसलेला असतो, श्री. न कै.; कुणी त्याच्याआधी काही लावत नाही. पत्रिकेत मुलीचं पूर्ण नाव आणि खाली नुसतं आईचं, 'यांची कन्या'. सौ. नको, श्रीमती नको. छापखान्यातून दोनदा फोन आला, काकू, तुमच्या नावाआधी काहीतरी राहिलंय. दोन्ही वेळा अक्काने सांगितलं, "राहिलं न्हाई."

हे प्रकरण मी बंद केलेलं नाही. ती अजून पहाटे तीनला उठते. हजाराच्या ऐवजी सहाशे विड्या वळते, कारण डोळे. कोर्टात अर्ज केलेला नाही, आणि मुलगी त्यावरून तिच्याशी भांडते. वेतनाचे पैसे सोडून द्यायला आपण श्रीमंत आहोत काय, हा तिचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही. परसदाराला आतून कडी बसवलीय. लावते की नाही, मी बघितलेलं नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये गेले तेव्हा पत्रिका आल्या होत्या, गठ्ठे मोजणं चाललं होतं. अक्काने विचारलं, "ते कलम किती म्हणालासा?"

"108. पण जुलैपासून नवा कायदा आलाय, नंबर बदलला. आता 111."

"तालुका बदलला, घर बदललं, आता कलमबी बदललं," ती म्हणाली. "त्यांना सापडायचं कसं?" आणि मुलीकडे बघून हसली. मुलगी हसावं की रडावं अशी बघत राहिली, मग तिनेही हसून घेतलं. अक्काने करंडा उघडला आणि देवापुढे ठेवायच्या पहिल्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायला घेतलं.